गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत

परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाला, "तुमच्या देवाला स्वतःला क्रूसावरून उतरता आलं नाही, तो तुम्हाला काय वाचवणार?" टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. हसता हसताच हात कॉलरकडे गेला आणि साखळी आत सरकवली. क्रूस छातीला गार लागला, तेव्हा कळलं आपण काय केलं ते.

टोमणा काही नवा नव्हता. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, २७व्या अध्यायात, मुख्य याजक येशूच्या वधस्तंभासमोर उभे राहून हेच म्हणतात: दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवता येत नाही. तो खाली उतरला नाही, यावरच तर आमचा सगळा विश्वास उभा आहे. उत्तर तोंडपाठ होतं, तरी बोललो नाही. घरी येऊन स्वतःची समजूत घातली की हा नम्रपणा. नव्हता. ती भीती होती, आणि तीसुद्धा कसली, तर उद्या टेबलावर आपल्याला जागा राहील का याची!

हा धागा यासाठीच काढलाय. माझं मत असं: विश्वासाची चेष्टा होते तेव्हा ख्रिस्ती माणसानं बोललंच पाहिजे. जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, हे मत्तय १०:३३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

अजिबात पटलं नाही. एका फुटकळ विनोदाला छळाच्या पंगतीत बसवू नका. खरा छळ सोसणाऱ्यांचा तो अपमान आहे. शिवाय मत्तयाचा तोच १०वा अध्याय दहा ओळी आधीपासून वाचा. २३व्या वचनात प्रभूच सांगतो, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा. पळायची मुभा आहे हो! गप्प बसायची का नसावी?

आणि जुन्या करारातला अरामी सेनापती नामान? कुष्ठरोगातून बरा झाल्यावर तो संदेष्टा अलीशाला विचारतो, माझा राजा रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, याची क्षमा होईल ना? संदेष्टा त्याला उपदेश झोडत नाही. "शांतीने जा" म्हणतो.

पानगळ

मी विश्वास ठेवणारा नाही, तरी लिहितो. "विश्वासासाठी उभं राहणं" ऐकलं की मला धडकी भरते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ आवाज चढवणं इतकाच असतो. त्या सहकाऱ्यानं कल्पनेची थट्टा केली, माणसाची नाही. देवाला वकील कशाला लागतो?

धागाकर्ता

@पानगळ, देवाला लागत नाही. मलाच लागतो, कारण साखळी आत सरकवणारा हात माझा होता. आणि थट्टा कल्पनेची असती तर हसताना सगळ्यांनी माझ्याकडे का पाहिलं?

जुनी वही

हा वाद फार जुना आहे. इ.स. २५०च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसनं फर्मान काढलं: प्रत्येकानं देवतांना बळी अर्पण करायचा आणि अधिकाऱ्याकडून तसा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये त्या दाखल्यांचे पपायरस सापडलेत. मजकूर ठरलेला: मी नेहमीच अर्पण करत आलो, आताही तुमच्यासमोर केलं. खाली साक्षीदाराची सही. किती ख्रिस्ती लोकांनी पैसे देऊन नुसता कागद मिळवला! संकट ओसरल्यावर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भांडण पेटलं की यांना परत घ्यायचं का. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्ताप करू द्या, मग घ्या. त्या काळात तो स्वतः लपून बसला होता, त्यावरून बोलणी खाल्ली. पण २५८ मध्ये पाळी आली तेव्हा पळाला नाही, शिरच्छेद झाला.

उलट स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याच्या वृत्तान्तात क्विंटस नावाचा एक गडी आहे. आपणहून पुढे आला, दुसऱ्यांनाही पुढे ढकललं, आणि आखाड्यातली श्वापदं पाहताच गळपटला. अर्पण करून मोकळा! लिहिणारा तिथेच म्हणतो, स्वतःहून जाणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही. वृद्ध पॉलिकार्प मात्र आधी शेतावर जाऊन लपला होता. पकडायला आले तेव्हा त्यांना जेवू घातलं आणि प्रार्थनेला थोडा वेळ मागून घेतला.

उंबरठा

बघा, म्हणजे लपणं चालतं! जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा तर संशयितांना येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. लपलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पाय ठेवले, घरी येऊन क्षमा मागितली, आणि पाळकांशिवाय दोनशेहून अधिक वर्षं विश्वास जपला. १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये जाऊन त्यांनी फ्रेंच पाद्र्याला सांगितलं, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. सगळे ताठ उभे राहिले असते तर सांगायला कोण उरलं असतं?

अर्धविराम

पुढचं अर्धवट का सोडलंत? उघड झाल्यावर त्याच लोकांच्या, नागासाकीजवळच्या उराकामी गावातल्या, तीन हजारांवर जणांना हद्दपार केलं. बंदी १८७३ मध्ये उठली. शेवटी कोणीतरी दार उघडलंच ना.

माझं सांगते. बाप्तिस्मा घेतला तेव्हा वडील चार वर्षं बोलले नाहीत. मी वाद घातला नाही, पत्रकं वाटली नाहीत. पण प्रार्थनेला बसताना दारही लावलं नाही. बायबलमध्ये संदेष्टा दानीएलाबद्दल लिहिलंय की राजाची मनाई झाल्यावरही तो 'पूर्वीप्रमाणे' दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, खिडक्या उघड्या ठेवून. त्यानं नवी खिडकी पाडली नाही. होती तीच बंद करायला नकार दिला. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो पाचव्या वर्षी: "रोज काय मागतेस?" मी म्हटलं, तुमची तब्येत.

पानगळ

हे पटलं. उघड्या दाराला माझी हरकत नाही. दारातून भोंगा लावलात तर आहे.

उंबरठा

मला अजूनही वाटतं धागाकर्त्यानं स्वतःला उगाच छळलंय. येशूचा शिष्य पेत्र यानं, प्रभूला पकडलं त्या एकाच रात्री, तलवार काढून महायाजकाच्या चाकराचा, मल्खाचा, कान कापला आणि काही तासांनी कोळशाच्या शेकोटीपाशी "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं. पुनरुत्थानानंतर प्रभूनं कोळशाच्याच विस्तवापाशी त्याला न्याहारी दिली. एक साखळी आत गेली तर काय मोठं?

धागाकर्ता

न्याहारीनंतर तीनदा विचारलंही, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" ते तुम्ही गाळलंत.

असो. "बोललंच पाहिजे" हे माझं वाक्य मागे घेतो, क्विंटसनं घाबरवलं. काल त्या सहकाऱ्याला एकट्याला गाठलं. म्हटलं, त्या दिवशीच्या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, मी घाबरून हसलो. तो ओशाळला, मग म्हणाला, "बरं, सांग." लिफ्ट येईपर्यंत दोन मिनिटं मिळाली. नीट जमलं नाही, मध्येच अडखळलो. आज जेवताना त्यानं पुन्हा काहीतरी टोमणा मारला. साखळी बाहेरच होती.