लाकडी कॉम्बचा माउथ ऑर्गन: आवाजाची ऊब की ओठांना शिक्षा?

तिरका_रीड
काल एका महाशयांनी कॉम्बवरून (माउथ ऑर्गनचा होलं असलेला मधला तुकडा) ठोकून दिलं, "प्लॅस्टिक कॉम्बवाले माउथ ऑर्गन म्हणजे खेळणी, ज्याला कान आहे तो लाकडीच घेतो, लाकडात ऊब असते." उत्तर लिहायला बसलो तर ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढतोय.

मुळात आवाज काढतं कोण? रीड. दहा होल, वीस रीड (धातूच्या पातळ पट्ट्या), हवा गेली की त्या थरथरतात आणि सूर लागतो. कॉम्बचं काम एवढंच की होलात घातलेली हवा त्याच होलाच्या रीडपर्यंत जावी, शेजारी गळू नये. गिटारची पुढची फळी स्वतः थरथरते म्हणून तिथे लाकूड कुठलं याला अर्थ आहे, इथे रीड बसवलेल्या दोन धातूच्या प्लेटींच्या (रीडप्लेटी) मध्ये आवळलेला आणि वरून दोन्ही हातांत धरलेला बोटभर तुकडा काय डोंबल थरथरणार? कॉम्ब सपाट आणि प्लेट नीट बसलेली असली की लाकूड, प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम सगळं सारखंच.

आणि या उबेची किंमत कोण भरतं? ओठ. सील न केलेलं पेअरवुड (नासपतीचं लाकूड) श्वासातल्या वाफेने फुगतं, होलांमधले दांडे बाहेर येतात आणि ४ वरून ७ वर सरकायला गेलात की ओठाची सालं निघतात. टंग ब्लॉकिंगवाल्यांची (जिभेने नको ती होलं झाकून वाजवणाऱ्यांची) तर जीभ किसली जाते. माझा पहिला लाकडी असाच होता, वाजवून ठेवला की फुगलेला, वाळला की दांडे आत, आणि हे होता होता शेवटी एक दांडा तडकलाच. त्यापेक्षा होनर कंपनीचा प्लॅस्टिकवाला स्पेशल २० बघा, प्लेटी प्लॅस्टिकच्या आत बसवल्यात, ओठाला धातूची कड लागत नाही. आराम याला म्हणतात. बोला आता.

पेअरवुडप्रेमी
ते महाशय मीच, नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

होनरचा लाकडी मरीन बँड १८९६ पासून आहे. ब्लूजचे दिग्गज लिटल वॉल्टर आणि दोन्ही सनी बॉय विल्यमसन त्यावरच वाजवून गेले, त्यांचे ओठ काय रबराचे होते? तुमची सालं निघतात कारण तुम्ही ओठ दाबून धरता आणि कोरडे ठेवता. नाचता येईना अंगण वाकडं.

दुसरं, तुम्ही शिव्या घालताय त्या जुन्या कच्च्या कॉम्बला. २००५ च्या मरीन बँड डिलक्समध्ये पेअरवुड सील केलेलं आहे आणि प्लेटी खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवल्यात. सायडेल कंपनीच्या १८४७ क्लासिकला मेपल, तेही सील केलेलं, वर रीड स्टेनलेस स्टीलच्या. यातला एक तरी हातात घेतलाय का? की पहिल्या माउथ ऑर्गनचा राग अख्ख्या लाकूड जातीवर?

खडूस_काका
तुम्ही दोघंही कालची पोरं. आमच्या वेळी वाजवण्याआधी माउथ ऑर्गन सरळ पाण्यात बुडवायचो. लाकूड फुगायचं, सगळ्या फटी बंद, आवाज दुप्पट. दांडे बाहेर आले की ब्लेडने तासायचे आणि पुढे चालायचं. ओठाला लागतं म्हणून कुणी रडत नव्हतं.

आणि लाकूड-प्लॅस्टिक काय घेऊन बसलात, खरं वाटोळं ट्यूनिंगने केलंय. जुन्या जस्ट इंटोनेशनच्या (एकत्र वाजणारे सूर गोड जुळावेत असं ट्यूनिंग) मरीन बँडवर कॉर्ड ओढली की कशी एकजीव यायची. आता ज्याला त्याला इक्वल टेंपरामेंट (सगळे सूर सारख्या अंतरावर) पाहिजे, कॉर्ड ऐकवत नाहीत.

तिरका_रीड
काका, त्याच जस्ट इंटोनेशनमध्ये ५ ड्रॉ आणि ९ ड्रॉ (त्या नंबरच्या होलातून हवा आत ओढून निघणारे सूर) इतके उतरलेले असतात की एकेक सूर काढून गाणं वाजवणाऱ्याने कान झाकावेत. वेगळा धागा काढा, इथे नको.

आणि पाण्यात बुडवून फटी बंद होतात हे तुम्हीच सांगितलंत, धन्यवाद. म्हणजे मुळात फटी होत्या. वाळल्यावर लाकूड आक्रसतं आणि त्या पुन्हा उघडतात, आधीपेक्षा मोठ्या. याला बिल्ड क्वालिटी म्हणायचं?

नवशिकी_मैना
मी नवीन आहे पण घरचा किस्सा सांगते. एकाच की चे (पट्टीचे) दोन, एक लाकडी एक प्लॅस्टिक, भाऊ पाठमोरा बसून वाजवत होता आणि मी ओळखत होते. सुरुवातीला बरोबर येत गेलं, मला वाटलं आपल्याला कान आहे. मग कळलं की लाकडीचे कव्हर मागून जास्त उघडे होते म्हणून तो मोठा वाजत होता. कव्हरांची अदलाबदल केल्यावर माझं सगळं उलटं यायला लागलं 😂

पेअरवुडप्रेमी
मैनाताई, घरगुती चाचणीने एवढं ठरत नसतं. वाजवणाऱ्याला जे हाताला आणि ओठाला जाणवतं ते पाठ करून बसलेल्याला कसं कळणार?

तिरका_रीड
म्हणजे आता 'आवाज' सोडून 'जाणवतं' वर आलो. छान. प्रगती आहे.

स्क्रू_ढिला
मुद्दा कॉम्बचा नाहीच, खिळ्यांचा आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. २०२० च्या दशकात एखादं वाद्य खिळे ठोकून विकायचं म्हणजे 'उघडू नका' असं लिहून देणं आहे. रीड काय कायम टिकतात? पितळ थकतं, जोरात ओढणाऱ्याची ४ नाहीतर ५ ड्रॉ आधी उतरते आणि मग मोडते. एका रीडसाठी अख्खा माउथ ऑर्गन फेकायचा?

(जाता जाता, मरीन बँड क्रॉसओव्हरचा कॉम्ब बांबूचा आहे आणि बांबू गवतात मोडतो. लाकूडप्रेमींनी तो गटात घ्यायचा की नाही ते ठरवावं.)

खडूस_काका
खिळ्यांना नावं ठेवू नका. खिळे कडेने जागोजागी असतात, प्लेट सगळीकडून सारखी दबते. स्क्रू मोजके, त्यांच्या मधे प्लेट किंचित उचलली की हवा गळली. आणि उघडायला काय लागतं, पातळ पातं कव्हरखाली घालून हळूहळू उचकटायचं. खिळे ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवायचे आणि त्याच भोकात परत घालायचे.

स्क्रू_ढिला
पहिल्यांदा घातले. दुसऱ्यांदाही घातले असतील. मग भोकं सैल होतात, खिळा अंगठ्याने आत जातो आणि तसाच बाहेर येतो, त्याचं काय? मी एक दुरुस्तीला दिला होता, त्या गृहस्थांनी खिळे धरत नाहीत म्हणून प्लेट गोंदाने चिकटवून परत दिला!! गोंद रीडच्या फटीत गेलेला, दोन होल कायमचे मुके. त्या दिवसापासून खिळेवाला घरात आला की आधी सगळे खिळे उपटतो, वरच्या प्लेटला आरपार भोक, खालच्या प्लेटला आटे पाडायचे आणि बारीक स्क्रू लावायचे. तेवढ्यात कॉम्ब काचेवर सॅंडपेपर ठेवून घासून सपाट करतो आणि मेण नाहीतर शेलॅकने (लाखेच्या पॉलिशने) सील करतो.

खडूस_काका
एवढं करून काय मिळवलंत? डिलक्स. तोच विकत घ्यायचा की मग!

स्क्रू_ढिला
हाताने केलेल्याची मजा विकत मिळत नाही, आणि ते तुम्हाला कळणार नाही कारण तुम्ही ब्लेडने दांडे तासणारे लोक. तासलेला दांडा वाळल्यावर आत जातो, पुढची कड वाकडीतिकडी, ओठाला आणखी लागते. वाद्याचा छळ आहे तो.

खडूस_काका
भाषा सांभाळा. तुमच्या वयापेक्षा जास्त वर्षं फुंकतोय मी.

तिरका_रीड
फुंकताय हेच दिसतंय.

पेअरवुडप्रेमी
ओ, वैयक्तिक नको. काकांची पद्धत मला पटत नाही, बुडवणं म्हणजे लाकडाची वाट लावणं, पण वयावरून आणि फुंकण्यावरून नको.

बाकी स्क्रूबद्दल ढिले साहेबांशी शंभर टक्के सहमत. आणि मैनाताईंच्या कव्हरबद्दल एवढंच म्हणेन की उघड्या कव्हरने आवाज मोठा लागतो हे मलाही माहीत आहे, म्हणून लाकडाचं काहीच नाही असं होत नाही.

नवशिकी_मैना
मग लाकडाचं नेमकं काय असतं ते सांगा ना, मी खरंच विचारतेय.

पेअरवुडप्रेमी
ओठाला सील केलेलं पेअरवुड प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत-चिकट लागत नाही. थंडीत हातात घेतल्यावर गार पडत नाही. वास चांगला येतो. झालं समाधान? आणि हो, धुता येत नाही, प्लॅस्टिकवाला उघडून नळाखाली धरता येतो, हा एक गुण तुमच्या खेळण्याला देऊन टाकला. ठेवा जपून.

तिरका_रीड
स्वीकारला, फ्रेम करतो. त्या बदल्यात डिलक्सने ओठ सोलत नाही हे मी मान्य करतो, कारण त्याच्या कडा गोल केल्यात आणि लाकूड वॉर्निशखाली आहे. म्हणजे ओठाला लाकूड लागतच नाही, वॉर्निश लागतं. त्याची ऊब तुम्हाला लखलाभ.

खडूस_काका
ट्यूनिंगवर कुणीच बोललं नाही.

नवशिकी_मैना
@स्क्रू_ढिला खालच्या प्लेटला आटे पाडताना पितळाचा कीस रीडमध्ये अडकत नाही का? दादा माझा उघडून बसलाय, त्याला थांबवू का?

स्क्रू_ढिला
थांबवा!! आधी दोन्ही प्लेटी कॉम्बवरून पूर्ण सोडवायच्या, रीड टेपने झाकायच्या, टेप हलक्या चिकटीची घ्या नाहीतर काढताना रीड वाकेल. आणि खालच्या प्लेटचं भोक वरच्यापेक्षा लहान, त्याला आटे धरायचेत. वरचं मोठं ठेवायला विसरलात तर स्क्रू दोन्हीकडे अडकून प्लेट कधीच आवळली जाणार नाही.