वर्गाबाहेरच्या बोलण्याचा जाब कॉलेजने विचारावा का?

खडूफळा
गेल्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याला कारणे दाखवा नोटीस आली. तो रसायनशास्त्र शिकवतो. रविवारी गावच्या सभेत तो नदीच्या पाण्याबद्दल बोलला आणि त्याने म्हणे 'संस्थेची प्रतिमा मलिन झाली'. नोटीस वाचताना मला कर्वे आठवले, बाप आणि लेक दोघेही.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं. त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी वाळीत टाकलं, पण नोकरी राहिली. १९१४ पर्यंत ते तिथेच शिकवत होते. लग्नाच्या वेळी फर्ग्युसनचे प्राचार्य होते आगरकर. ज्यांची प्रेतयात्रा विरोधकांनी ते जिवंत असतानाच काढली, ते आगरकर.

मुलगा र. धों. कर्वे, तेही गणिताचेच, मुंबईच्या विल्सन कॉलेजात. संततिनियमनावर उघड बोलायला लागले, तेव्हा चालकांनी राजीनामा मागितला. तो त्यांच्या गणितासाठी मागितला नव्हता.

माझं मत सरळ आहे. वर्गात विषय सोडायचा नाही, पुराव्याशिवाय बोलायचं नाही, वेगळं मत मांडणाऱ्या पोराचे मार्क कापायचे नाहीत. एवढं पाळलं की वर्गाबाहेर प्राध्यापक हा नागरिक आहे आणि तिथे संस्थेने त्याला जाब विचारू नये.

सातारकर
सर, मला हे पटत नाही. विल्सन मिशनऱ्यांचं कॉलेज होतं. त्यांची काही मूल्यं होती आणि ती मान्य असलेले लोकच त्यांनी ठेवावेत यात गैर काय? शिवाय र. धों.चं तोंड कुणी बंद केलं? १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. स्वातंत्र्य होतंच. फक्त त्या कॉलेजचा पगार नव्हता.

दुसरं, तुमच्या सहकाऱ्याचं. गावच्या सभेत लोकांनी त्याचं ऐकलं ते 'केमिस्ट्रीचे सर' म्हणून. उद्या पानाच्या टपरीवाल्याने तेच सांगितलं असतं तर कोण थांबलं असतं? बिरुद कॉलेजचं वापरायचं आणि जबाबदारीच्या वेळी 'मी नागरिक' म्हणायचं, हे कसं चालेल? त्याने पाणी तपासलं होतं का? नसेल, तर नोटीस योग्य आहे.

खडूफळा
तपासलं होतं. तीन महिने, दर रविवारी, चार घाटांवर. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर नमुना नदीकाठीच पकडावा लागतो. बाटलीत रसायनं घालायची, बूच लावायचं, हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मी एका रविवारी सोबत होतो. वरच्या घाटावर बाटली चहासारखी झाली. नाल्याच्या खाली ती पांढरीच राहिली. सभेत त्याने वहीतले आकडे वाचले आणि 'हे चार घाटांपुरतं आहे, अख्ख्या नदीबद्दल मी बोलत नाही' असंही सांगितलं. तुम्ही म्हणता ती जबाबदारी ह्याहून वेगळी आहे का?

आणि पगाराचं. पगार गेल्यावर उरतं ते स्वातंत्र्य कोणाला परवडतं? र. धों. आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी ती किंमत मोजली. दर पिढीत तसे किती निघतील? 'समाजस्वास्थ्य'वरच्या १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच.

निशिगंध
मी विद्यार्थिनी म्हणून लिहिते. टीवायला असताना आमचे एक सर वर्गात अक्षर बोलायचे नाहीत, पण त्यांच्या शनिवारच्या कार्यक्रमाला कोण आलं, कोण नाही हे बरोबर लक्षात ठेवायचे. इंटर्नलचे वीस मार्क त्यांच्याच हातात. सक्ती कुणी केली नाही, तरी आम्ही सगळ्या जायचो. खडूफळा म्हणतात ती वर्गाच्या आतली आणि बाहेरची रेघ शिक्षकाला दिसते. बाकावर बसलेल्याला नाही दिसत. आमच्या स्वातंत्र्याचं काय, हे ह्या चर्चेत कुणीतरी विचारायलाच हवं.

तासिकावाला
तुमचं सगळं वाचलं. मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवतो. मला कारणे दाखवा नोटीस कधीच येणार नाही. फक्त जूनमध्ये नव्या वर्षाच्या नेमणुकीची ऑर्डर येणार नाही, आणि का आली नाही हे विचारायची सोयही नाही. माझ्या विषयात शेतकरी आत्महत्यांवर प्रकरण आहे. मी ते पुस्तकातल्या ओळींपलीकडे शिकवत नाही. धड्यातले प्रश्न सोडवून घेतो आणि पुढे जातो. पोरांचे वडील शेतकरी आहेत, त्यांना बोलायचं असतं. मी घड्याळ बघतो. ह्याची मला लाज वाटते.

करवीर
कायद्याचं थोडं. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर कलम ३७० बद्दलच्या व्हॉट्सॅप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पण कोर्ट गुन्ह्यापुरतं बघतं. तासिकावाल्यांच्या न आलेल्या ऑर्डरवर कोणतं कलम लावायचं?

सातारकर
पाणी तपासलं होतं, म्हणजे नोटीस चुकीची. हे मी मागे घेतो. बाकीचं नाही. उलटं उदाहरण देतो. उद्या इतिहासाचे सर सभेत म्हणाले की लस म्हणजे विष, आणि चार घरांनी बाळांना लस दिली नाही, तर? तेव्हाही संस्थेने गप्प बसायचं?

खडूफळा
गप्प नाही. प्राचार्यांनी त्याच गावात जाऊन डॉक्टरांसह त्यांचं म्हणणं खोडून काढावं. वर्गात बोलले तर विभागप्रमुखांनी बोलवावं. पण नोकरीवर हात टाकू नये, कारण तेच हत्यार उद्या नदीवाल्यावर चालतं. आज चाललंच आहे. निशिगंध, तुमच्या सरांना मात्र माझ्याकडे बचाव नाही. मार्कांच्या जोरावर माणसं जमवणं हा वर्गातलाच गुन्हा आहे, मग कार्यक्रम कुठेही असो. ही बाजू मी मांडायला हवी होती.

सातारकर
चार बाळांचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. सभेला सभेने उत्तर देईपर्यंत वेळ जातो.

तासिकावाला
खुलाशाचं काय झालं, सर?

खडूफळा
सात दिवसांची मुदत होती, तीन गेले. तो नमुन्यांची वही जोडतोय, तारखांसकट. सोबतच्या पत्रावर चौघांनी सह्या केल्यात, पाचवी माझी. तुमची मागणार नाही. तुमच्या जूनचं मला कळतं.