मदत हवी आहे: हातसुताचा ताणा पावसाळ्यात टिकत नाही (शनिवारचा कताई गट, फोंडा)

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात गेल्या दिवाळीपासून आम्ही काहीजण दर शनिवारी चार वाजता सूत कातायला जमतो. जागा म्हणजे एका जुन्या घराच्या राजांगणाभोवतीची (आतल्या चौकाभोवतीची) वसरी, म्हणजे ओसरी. पाच पेटीचरखे आहेत, काही तकल्या आहेत आणि मे महिन्यापासून एक लाकडी मागही आला आहे. हातमागाचं शिक्षण आमच्यापैकी कुणीच घेतलेलं नाही. बघून, विचारून आणि चुकत शिकतोय. आता मात्र अशा जागी अडलोय की जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

अडचण अशी. आम्ही कातलेलं सूत बाणा (आडवे धागे) म्हणून छान चालतं. ताण्याला (मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांना) लावलं की तुटतं.

सगळं नीट सांगते, म्हणजे चूक कुठे आहे ते तुम्हाला हेरता येईल. गोव्यात कापूस पिकत नाही. परसात देवकापसाचं एखादं झाड असतं, ते वातींपुरतं. त्यामुळे पेळू (कातायला तयार केलेल्या कापसाच्या वळ्या) वर्ध्याकडून मागवतो. सूत बहुतेक १६ नंबरच्या आसपास येतं (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक). हजार मीटरची लडी काट्यावर ठेवली की ३७ ग्रॅमच्या आगेमागे भरते, त्यावरून नंबर धरतो. नव्या लोकांच्या लड्या ४५ ग्रॅमपर्यंत जातात, त्या बाण्यासाठी वेगळ्या ठेवतो. ताणा १८ इंच रुंद, इंचाला ३२ धागे, म्हणजे ५७६ धागे, लांबी ४ मीटर. एका ताण्याला २३०० मीटर सूत लागतं. तासाभरात मी स्वतः जेमतेम दीडशे मीटर कातते, तेव्हा एक ताणा फुकट गेला की काय वाटतं ते कातणाऱ्याला सांगायला नको.

पहिला ताणा जूनच्या सुरुवातीला चढवला, खळ (कांजी) न लावता. वीतभरही विणून झालं नाही आणि अकरा धागे गेले. जोडून जोडून शेवटी कापून काढला. दुसऱ्या ताण्याला पेजेची खळ लावली. गोव्यात कुणाच्याही घरी सकाळी पेज असतेच, तीच गाळून पातळ करून घेतली. त्या दिवशी काम इतकं सुरेख झालं की सगळे माग सोडून उठायलाच तयार नव्हते. नऊ इंच विणलं. कापडावर हात फिरवला की हातसुताचा तो किंचित खडबडीत गारवा लागत होता.

पुढच्या शनिवारी आलो तर धागे एकमेकांना चिकटलेले. बोट लावलं तर ओलसर, गुळाच्या पाकाचा हात लागल्यासारखे. फणी पुढे ओढली की दोन धागे चिकटून यायचे आणि त्यातला एक तुटायचा. तासाभरात तेवीस धागे तुटले, वहीत मांडून ठेवलेत. रुळाजवळ थोडा कुबट वासही येत होता.

आम्ही आठवड्यातून एकदाच भेटतो. मधले सहा दिवस तो ताणा मागावर तसाच ताणलेला राहतो, आणि बाहेर पाऊस. विणकराच्या घरी माग रोज चालतो, त्यामुळे ही अडचण त्यांना येत नसावी असं मला वाटतं. आठवड्यातून एकदाच चालणारा माग पावसाळ्यात सांभाळायचा कसा, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न गटातल्या मतभेदाचा आहे, आणि तो मला जास्त लागलाय. आमच्यातली कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणते, ताण्याला गिरणीचं सूत घेऊया, बाणा आपला. निदान एक कापड तरी पुरं होईल. लोक येईनासे झालेत ते हातात काही दिसत नाही म्हणून, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. मे महिन्यात बारा जण यायचे, आता पाच-सहा येतात. आमच्यातले सर्वांत वडील काका मात्र ऐकत नाहीत. त्यांच्या घरी जानव्याचं सूत तकलीवर कातलं जायचं. चार बोटांवर शहाण्णव वेढे घेऊन मोजायचं, मग तीनपदरी करून पुन्हा तिप्पट करायचं, हे ते अजून डोळे मिटून करतात. त्यांचं म्हणणं एवढंच की एका बाजूचं सूत विकतचं असेल तर ते कापड आपलं कसं? मीही मनातून काकांच्या बाजूची आहे, पण मुलीला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही.

हे कापड कशासाठी, तेही सांगते. ज्या घरात आम्ही जमतो तिथल्या गणपतीच्या चौरंगावर या चवथीला आमच्या हातचं वस्त्र अंथरायचं ठरलं होतं. साधं, पांढरं.

आणि त्यानंतर मनात एक मोठी गोष्ट आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या वाड्यावरच्या एक गावडा समाजातल्या आजी आपल्या आईचं कापड घेऊन आल्या. लाल चौकटींचं, गुडघ्यापर्यंत नेसायचं, खांद्यावर देठली (गाठ) मारायचं. त्याच्या घड्या इतक्या विरल्या होत्या की त्या स्वतःच उलगडत होत्या, आम्हाला हात लावू देत नव्हत्या. भिंगातून एका चौकटीतले धागे मोजायला मात्र परवानगी दिली, आणि अर्धा तास सगळी वसरी गप्प होती. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हीच कुणबी साडी पुन्हा विणून घेऊन फॅशनच्या मंचावर नेली, तेव्हा गोव्याबाहेरच्या लोकांना ती माहीत झाली. २०२० मध्ये ते गेले. त्या आजींनी जाताना विचारलं, "तुमी हें विणपाक शिकतलीं मगो?" मी हो म्हटलं आहे. चौकट विणायची तर ताणा धड उभा राहायलाच हवा.

कुणी हातमागावर प्रत्यक्ष काम केलं असेल तर कृपया लिहा. फोटो हवे असतील तर काढून इथे देते.

प्रतिसाद

ताई, माझे वडील सोलापुरात मागावर बसायचे, त्यामुळे पांजणी (ताण्याला खळ लावणं) लहानपणापासून पाहिली आहे. आधी एक सांगा, ती पेज घरच्या भांड्यातली होती ना? मग त्यात मीठ होतं का? मीठ असेल तर बाकी काही शोधायची गरजच नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत मीठ पाणी ओढतं. डब्यातलं मीठ जसं पाझरतं, तसाच तुमचा ताणा सहा दिवस पाझरत बसला असणार.

ओलाव्याला उगाच दोष देऊ नका. कापसाचं सूत ओलं झालं की कोरड्यापेक्षा बळकट होतं. विणायच्या शेडमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवतात ती यासाठीच. तुमचं सूत तुटतं ते खळ चिकट झाल्यामुळे.

खळ तांदळाच्या पिठाची करा, आणि पीठ साध्या तांदळाचं घ्या. उकड्या तांदळाची पेज चवीला उत्तम, पण उकड्यातून पिष्ट कमी सुटतं. चांगली शिजवा, गाळा, चमचाभर खोबरेल घाला म्हणजे धागा फणीतून सरकेल. पूर्वी काही ठिकाणी बुरशी येऊ नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरात तर अजिबात नको.

आणि सगळ्या ताण्याला एकदम खळ लावू नका. त्या दिवशी जेवढं विणणार असाल तेवढ्याच पट्ट्याला मऊ कुंच्याने खळ द्या, धागे सुटे करा, पंख्याखाली वाळवा आणि विणा. उठताना ताण सैल करून जा. दमट हवेत सूत आखडतं, आणि ताणलेला ताणा आखडला की अशक्त धागा तिथेच जातो.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर आहे, पण पहिला ताणा तर खळीशिवायच तुटला होता. म्हणजे पीळही कमी आहे. १६ नंबरच्या सुताला ताण्यासाठी इंचाला साधारण १६ पीळ लागतात, बाण्याला १३ चालतात. तुम्ही एकच सूत दोन्हीकडे वापरताय. चातीला (चरख्याच्या फिरत्या सळईला) खुणेचा दोरा बांधून चाकाच्या एका फेऱ्यात ती किती वेळा फिरते ते मोजा. दोन फूट धागा ओढलात तर त्यात ३८४ पीळ बसायला हवेत. बहुतेक जण हात लांबवतात आणि पीळ पुरा व्हायच्या आत धागा चातीवर गुंडाळतात.

खळ लावण्याआधी लड्या अर्धा तास पाण्यात उकळा. कापसावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे खळ सहज आत शिरत नाही. उकळल्याने पीळही बसतो.

दुसरा उपाय म्हणजे दुपदरी सूत, खादीवाले ज्याला दुबटा म्हणतात. दोन धागे एकत्र करून उलट्या दिशेने पिळायचे. जाडी ८ नंबरची होईल, म्हणून इंचाला ३२ ऐवजी २२ धागे घ्या. खळीची कटकट जवळजवळ संपते.

गिरणीच्या सुताबद्दल: गांधीजींच्या आश्रमात माग आधी आले आणि चरखा नंतर. सुरुवातीला तिथे गिरणीचंच सूत विणत होते. पुढे गंगाबेन मजमुदारांनी गुजरातमधल्या विजापूरला चरखा शोधून काढला, तेव्हा कताई सुरू झाली. त्यामुळे त्या मुलीचं म्हणणं अगदीच परकं नाही. पण त्या कापडाला खादी म्हणू नका. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात खादीची व्याख्या हातकताई आणि हातमाग दोन्ही धरूनच केली आहे. काकांना माझा नमस्कार सांगा.

प्रतिसाद

मी पेडण्याची. आमच्याकडेही जून-जुलैत कुठल्याच बैठकीला माणसं नसतात, लावणी असते. लोक कंटाळून गेले असं लगेच समजू नका. पेळू मात्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि चातीला तेलाचं बोट लावून कोरडं पुसत जा. आमच्या चात्यांना गंज चढला तेव्हा सुतावर तांबूस रेघ उठायची आणि नेमकं तिथेच सूत अडायचं.

धागा सुरू करणारीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. हो, पेजेत मीठ होतं! ज्या घरातून पेज आली तिथल्या वहिनींना विचारलं, त्यांनी कपाळाला हात लावला. रोजचीच पेज, रोजचंच मीठ. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

काल शनिवार होता. ताणा कापला नाही. स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने वीतवीत पुसत खारट खळ काढली. यातच दीड तास गेला. मग पिठाची खळ केली, खोबरेल घातलं आणि फक्त हातभर पट्ट्याला लावली. कॉलेजातली मुलगी कुंचा धरून होती, काका बोटांनी धागे सुटे करत होते. पंखा लावून वीस मिनिटं थांबलो. त्यानंतर अकरा इंच विणलं. तीन धागे तुटले. उठताना ताण सैल केला.

तुमचा आश्रमाचा प्रसंग काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलीला म्हणाले, हा ताणा पुरा होऊ दे, नाही झाला तर तुझं सूत आण. ती म्हणाली, होईल. चवथीपर्यंत मोजकेच शनिवार उरलेत, म्हणून मधल्या बुधवारीही दोघी-तिघी मागावर बसणार आहोत.

पीळ मोजला. माझ्या सुतात इंचाला ११ निघाले, काकांच्या तकलीच्या सुतात १७. म्हणून चौकटीच्या कापडासाठी दुपदरी सूत करायचं ठरवलंय. त्यासाठी एक विचारते: दोन धागे एकत्र पिळताना पेटीचरख्यावर एक पदर सैल राहतो आणि मध्ये मध्ये गाठीसारखा फुगवटा येतो. दोन्ही पदरांवर ताण सारखा कसा ठेवायचा? लड्या पाण्यातून काढून ओल्याच पिळायच्या की वाळवून?