‘बिग ब्रदर’चे ‘बिग बॉस’ होताना नक्की काय बदलले?

सुधाताई, नेरुळ

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दर महिन्याला एकाने वीस मिनिटे बोलायचे आणि मग चहाबरोबर सर्वांनी वाद घालायचा, असा प्रघात आहे. या वेळची पाळी माझी असून सुनेच्या आग्रहामुळे विषय ‘बिग बॉस’ हा ठरला आहे. माझा भाचा नेदरलँड्समध्ये अल्मेरे येथे राहतो. या खेळाचे, म्हणजे मूळच्या ‘बिग ब्रदर’चे, पहिले घर १९९९ साली त्याच्याच गावात उभे राहिले होते, असे त्याने मला सांगितले. (अल्मेरे हे पाणी हटवून मिळवलेल्या जमिनीवर आधी आखून मग वसवलेले शहर आहे, त्यामुळे सिडकोच्या नवी मुंबईत पस्तीस वर्षे काढलेल्या मला ते उगाचच आपले वाटले.) त्या पहिल्या घरात एकही नामांकित व्यक्ती नव्हती, असे भाचा म्हणतो, आपल्याकडे मात्र मी पहिल्यापासून नटनट्याच पाहत आले आहे.

तेव्हा माझा प्रश्न असा की, हा खेळ आपल्याकडे आला तेव्हा केवळ भाषा आणि चेहरे बदलले, की खेळाचा गाभाच बदलला? कृपया ‘असले कार्यक्रम पाहूच नयेत’ हे उत्तर देऊ नये. ते आमच्या कट्ट्यावर विनामूल्य मिळते.

संकलक, पाचपाखाडी

सुधाताई, मी बरीच वर्षे दूरचित्रवाणीसाठी संकलनाचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. परदेशी कार्यक्रमाचे हक्क घेतले जातात तेव्हा केवळ नाव विकत मिळत नाही, तर तो कार्यक्रम कसा उभारायचा याची पोथीच हाती येते, जिला आमच्या धंद्यात ‘बायबल’ म्हणतात. बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेले घर, सतत चालू असलेले कॅमेरे, कोणाला घराबाहेर काढावे यासाठी सहकाऱ्यांनी एकमेकांची सुचवलेली नावे (नॉमिनेशन) आणि शेवटी प्रेक्षकांचा कौल, हा या खेळाचा सांगाडा असून तो आपल्याकडे बऱ्याच अंशी तसाच राहिला.

आपल्या भाच्याचे म्हणणे खरे आहे. जॉन डी मोल यांच्या कल्पनेतून साकारलेला तो पहिला डच खेळ अनोळखी माणसांचाच होता. इंग्लंडमध्ये २००० साली चॅनल फोरवर तो आला तेव्हा क्रेग फिलिप्स हा बांधकाम करणारा तरुण जिंकला आणि बक्षिसाचे ७०,००० पौंड त्याने एका मैत्रिणीच्या शस्त्रक्रियेसाठी दिले. नामवंतांची वेगळी आवृत्ती तिथे २००१ मध्ये निघाली, तीही मदतनिधी उभारण्यासाठी आणि अवघ्या काही दिवसांची. आपण ती आधीची पायरीच गाळली. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनी वाहिनीवर अर्शद वारसी यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘बिग बॉस’ सुरू झाले ते थेट परिचित चेहऱ्यांना घेऊन, आणि जिंकले राहुल रॉय, म्हणजे १९९० च्या ‘आशिकी’चे नायक.

माझ्या मते इथे खेळाची दिशाच उलटी झाली. मूळ खेळात कोणालाही ठाऊक नसलेला माणूस पाहिला गेल्यामुळे प्रसिद्ध होत असे. आपल्याकडे आधीच प्रसिद्ध असलेला, किंवा एके काळी प्रसिद्ध असलेला, माणूस झाडू मारताना आणि भांडी घासताना दिसतो, व गंमत त्यात असते. ज्या घरात एकाच टीव्हीसमोर आजीपासून नातवापर्यंत सगळे बसतात, तिथे एखाद्या परक्या तरुणाने पोळी करपवली तर कोणी ढुंकूनही पाहणार नाही. तीच पोळी मालिकेतल्या सासूने करपवली, तर दुसऱ्या दिवशी लोकल गाडीत तिची चर्चा होते.

बेलापूरचा वाचक

संकलक महोदयांनी स्पर्धकांविषयी लिहिले, मला मात्र अधिक मोठा बदल अधिकाराच्या जागी झालेला दिसतो. ‘बिग ब्रदर’ हे नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या कादंबरीतून आले आहे, आणि तिथे ते सदैव पाळत ठेवणाऱ्या सत्तेचे नाव आहे. इंग्रजी वाचकाला त्यात जी धास्ती जाणवते ती ‘मोठा भाऊ’ या शब्दांत आपल्याला जाणवणारच नाही, कारण आपला मोठा भाऊ धाकट्याची फी भरणारा असतो.

आता क्रियापदाकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे स्पर्धकांना आज्ञा देणारा तो न दिसणारा आवाज ‘बिग बॉस आदेश देत आहेत’ असे बोलतो. आदरार्थी बहुवचन, आणि तेही स्वतःविषयी! हे बोलणे गुप्त पोलिसांचे नसून घरातल्या कर्त्या पुरुषाचे आहे. मराठीत रत्नाकर तारदाळकर यांच्या आवाजाला आलेले वजन मला याच व्याकरणातून आलेले वाटते.

सूत्रसंचालकाचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिना मॅकॉल यांचे मुख्य काम घराबाहेर पडलेल्या स्पर्धकाला दारात गाठून त्याची मुलाखत घेण्याचे होते. आपल्याकडे शनिवार-रविवारी सर्वांना सोफ्यावर बसवून आठवड्याच्या वागणुकीचा हिशेब मागितला जातो, कोणाची पाठ थोपटली जाते, तर कोणाची खरडपट्टी काढली जाते. मराठीत महेश मांजरेकर यांच्या काळात या भागाला ‘चावडी’ हे नाव मिळाले, ते अगदी चपखल होते. चावडीवर पाटील बसतो आणि गाव ऐकते. २०२४ च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख आले आणि त्याचा ‘भाऊचा धक्का’ झाला. मोऱ्याच्या लाँचने मुंबईच्या बंदरातल्या भाऊच्या धक्क्यावर उतरत आलेल्या आम्हा उरणकडच्या मंडळींना ती कोटी ऐकून हसू आले, पण पाहा, ‘ब्रदर’ फिरून पुन्हा ‘भाऊ’ झालाच.

घोडबंदर रोडवरून

वरील दोन्ही मते वाचनीय आहेत, तथापि सगळा बदल ‘आपल्या संस्कृती’च्या खात्यावर जमा करण्याची घाई करू नये, अशी माझी विनंती आहे. अमेरिकेने याच खेळात सांगाड्यालाच हात घातला होता. तिथे २००० च्या पहिल्या वर्षी प्रेक्षक मत देत असत. दुसऱ्या वर्षापासून स्पर्धकच एकमेकांना घराबाहेर काढू लागले आणि खेळ डावपेचांचा झाला. त्या मानाने प्रेक्षकांचा कौल कायम ठेवणारे आपण मूळ डच खेळाच्या अधिक जवळ आहोत. शिवाय सामान्य माणूस आपल्याकडेही मागच्या दाराने परत आला आहे. हिंदीच्या दहाव्या पर्वात सामान्यांमधून आलेले मनवीर गुर्जर जिंकले, आणि मराठीच्या पाचव्या पर्वाचे विजेते सूरज चव्हाण हे बारामती तालुक्यातील मोढवे गावचे, मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे माहीत झालेले तरुण आहेत. त्यांना नामवंत म्हणावे की सामान्य, हे मला तरी ठरवता येत नाही.

सुधाताई, कट्ट्यावर एकच गोष्ट सांगायची असेल तर शिल्पा शेट्टी आणि जेड गुडी यांची सांगावी. गुडी २००२ साली इंग्लंडच्या घरात अनोळखी मुलगी म्हणून गेल्या आणि त्या जोरावर पुढे २००७ मध्ये नामवंत म्हणून तिथेच परत आल्या. तिथे सहस्पर्धक शिल्पा शेट्टी यांना गुडी व इतरांकडून मिळालेल्या वागणुकीवरून वर्णद्वेषाचा वाद पेटला, नियामक संस्थेकडे ४० हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, प्रायोजकाने अंग काढून घेतले, आणि त्याच सुमारास भारतभेटीवर आलेले ब्रिटिश अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनाही त्याविषयी बोलावे लागले. शेट्टी तो खेळ जिंकल्या. पुढच्याच वर्षी हिंदी ‘बिग बॉस’चे दुसरे पर्व सुरू झाले तेव्हा सूत्रसंचालिका शेट्टी होत्या आणि स्पर्धकांत गुडी. थोड्याच दिवसांत गुडी यांना कर्करोगाचे निदान त्याच घरात कळवण्यात आले व त्या मायदेशी परतल्या. मार्च २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. तिकडच्या घरात ज्यांनी शेट्टी यांना छळले, त्या गुडींनाच इकडे शेट्टींच्या कार्यक्रमात पाहुणी म्हणून यावे लागले, एवढा उलटफेर तर मालिका लिहिणाऱ्यालाही सुचला नसता.

सुधाताई, नेरुळ

तिघांचेही मनापासून आभार. करपलेल्या पोळीचा दाखला मी संकलकांची परवानगी गृहीत धरून उचलत आहे, कारण आमच्या कट्ट्यावर तो सर्वांना लगेच पटेल. आदरार्थी बहुवचनाचा मुद्दा सुनेला वाचून दाखवला, तर ती म्हणाली की, आमच्या सोसायटीचे सचिवही सूचनाफलकावर स्वतःविषयी असेच लिहितात. घोडबंदरच्या वाचकांचा आक्षेपही मांडेन. मात्र जेड गुडी यांची हकिगत मी अगदी शेवटी, चहा येण्याच्या आधी सांगणार आहे. सुरुवातीलाच सांगितली, तर पुढचे कोणी ऐकणार नाही.