निवृत्त वडिलांच्या सवयी बदलायच्या आहेत, साताऱ्यात कुणाचा सल्ला घ्यावा?

माहुलीची लेक:
नमस्कार मंडळी. आमचे आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीभर पहाटेची ड्यूटी, नाहीतर मुक्कामी गाडी. अजूनही चारलाच जाग येते. उठून पांघरुणाची घडी घालतात, दाढी करतात, भांग पाडतात आणि तयार होऊन ओट्यावर बसतात. जायचं कुठंच नसतं. मग चुन्याची डबी निघते. त्यानंतर दिवसभर तंबाखू आणि टीव्ही, कुणाशी धड बोलणं नाही. शुगर निघालीय. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला आणि रोज चालायला सांगितलंय. घरातले सगळे मागे लागलेत, पण जितकं बोलावं तितके ते जास्तच गप्प होतात. ते पूर्वीसारखे बोलते व्हावेत एवढंच मनात आहे. समुपदेशक, फिरणाऱ्यांचा गट, काहीही सुचवा.

गोडोलीकर:
ताई, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला पहाटे बरीच ज्येष्ठ मंडळी असतात, पण लगेच चढ नको. तुम्ही माहुलीचे म्हणजे संगमाचा घाट जवळच आहे, तिथंच सुरुवात करा. शुगर आहे तर अनवाणी किंवा स्लीपरवर पाठवू नका, चांगले बूट घेऊन द्या. आणि रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं शतपावली घालायला लावा. जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते.

विश्रामबागकर:
मी सांगलीत कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आण्णांची सकाळ तुम्ही फार नीट टिपलीय. ते दाढी करून तयार होतात. त्यांची शिस्त जागेवर आहे, फक्त तिच्या पुढचा डेपो गेला. सवय ही वेळ, जागा आणि त्याआधीचं काम यांना चिकटलेली असते. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दर तासाला आपण काय करतोय ते लिहायला सांगितलं होतं. त्यातलं साधारण ४३ टक्के वागणं रोजचं, त्याच जागी आणि बहुतेकदा दुसराच विचार मनात असताना होणारं निघालं. म्हणून उपदेशानं फारसं हलत नाही. उपदेश ऐकतं ते मन वेगळं, आणि डबी उघडणारा हात वेगळा.

मोडायच्या गोष्टी आधी बाजूला ठेवा. दाढीनंतर ओट्यावर बसण्याच्या जागी एक काम जोडा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली साधी रीत आहे: 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवायचं. 'रोज चालेन' यात काहीच ठरत नाही. 'दाढी झाली की बूट घालून घाटापर्यंत जाईन आणि येताना दूध आणीन' यात सगळं ठरलं. दुधाचं मुद्दाम लिहिलंय. ज्यांनी आयुष्यभर माणसं वेळेत पोचवली त्यांना नुसतं 'तब्येतीसाठी चाला' पुरत नाही, घराला त्यांच्या जाण्याची गरज असावी लागते. रोजचं दूध त्यांच्याकडेच द्या आणि चुकूनही दुसऱ्या कुणी आणू नका.

एकवीस दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात. पुढं तेच सगळ्या सवयींना लावलं गेलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४. मधला एखादा दिवस चुकला तरी फार बिघडत नव्हतं. तेव्हा एखाद्या दिवशी पाऊस आहे म्हणून आण्णा गेले नाहीत, तर घरात चर्चा नको.

एक मात्र बघा. चारची जाग जुनी सवय असेल, पण फार लवकर जाग येणं नैराश्यातही असतं. भूक कमी, कशातच रस नाही, 'आता माझा काय उपयोग' अशी भाषा, हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. त्यात कमीपणा काही नाही.

वाईकर:
सरांचं चालण्याबद्दलचं पटलं. तंबाखूच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे, व्यसनमुक्तीच्या कामात मदत करते म्हणून सांगते. तिथं नुसती वेळ-जागा बदलून भागत नाही, निकोटिन अंगात मुरलेलं असतं. बंद केल्यावर पहिला आठवडा चिडचिड, अस्वस्थपणा, झोप बिघडणं हे होतंच. त्याला घरच्यांनी स्वभाव समजू नये. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंडात बडीशेप, हातात काम हवं.

आणि 'सोडा' म्हणणं आजपासून बंद. त्याऐवजी विचारा, 'आण्णा, तंबाखूची सुरुवात कशी झाली? तिनं तुम्हाला काय दिलं?' आणि मग खरंच ऐका. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ पासून मांडलेली पद्धत हीच आहे, सोडायची कारणं माणसाच्या स्वतःच्या तोंडून येऊ द्यायची. आपण ढकललं की माणूस उलट बाजूनं जोर लावतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं चौकशी करा. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

माहुलीची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवणानंतर वाईकर ताई म्हणाल्या तसं आण्णांना विचारलं. आधी म्हणाले, 'कशाला पाहिजे तुला?' मग हळूहळू बोलू लागले. रात्रीच्या गाडीला घाटात डोळा लागू नये म्हणून एका जुन्या कंडक्टरनं पहिली चिमूट दिली होती. मुक्कामाच्या गावी शाळेच्या ओट्यावर झोपायचे, थंडीत गाडीतच. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आई जेवणाचं ताट तसंच ठेवून ऐकत बसली होती. तंबाखू सोडतो असं म्हणाले नाहीत, मीही विषय काढला नाही. दुधाची किटली मात्र आज त्यांच्या हातात दिलीय.

'माझा काय उपयोग' हे वाक्य त्यांच्या तोंडी दोन-तीनदा आलंय, त्याची काळजी वाटते. डॉक्टरांकडे यायला ते लगेच तयार होणार नाहीत. तोवर मी स्वतः कुणाशी बोलू शकते का?

वाईकर:
हो, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालू असतं आणि मराठीत बोलतात. नातेवाइकानं केला तरी चालतो. ते वाक्य कधी आणि कशावरून आलं, तेवढं आधी आठवून ठेवा, ते विचारतील.