इटलीत स्वतः गाडी चालवायची आहे, बडोद्याहून कोणी केलंय का?

दांडियाबाजारकर:
सप्टेंबरात मी आणि सौ. फ्लॉरेन्सला उतरतोय. पुढचे चार दिवस भाड्याच्या गाडीने सिएना, सान जिमिन्यानो वगैरे करायचा बेत आहे. तीस वर्षं मांडवीच्या गर्दीतून गाडी काढतोय, तेव्हा रहदारीची भीती नाही. पण तिथे स्टिअरिंग डावीकडे. आपलं गुजरातचं लायसन्स चालेल का? आणि क्रेडिट कार्ड सौ.च्या नावावर आहे, ते चालतं ना? मुलगा म्हणतो, "बाबा, ट्रेनने जा." त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी कृपया लिहू नये.

तिखट_शेवउसळ:
नुसतं लायसन्स नाही चालत, सोबत आरटीओचं इंटरनॅशनल परमिट लागतं. सारथी पोर्टलवर अर्ज, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. माझ्याकडे पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट तिन्ही मागितलं होतं.
कार्ड मात्र जो चालवणार त्याच्याच नावाचं हवं. डिपॉझिट त्याच्यावरच अडकवतात. माझ्यापुढच्या जोडप्याला काउंटरवरून परत पाठवलं, बॅगा तशाच हातात.

अलकापुरीच्या_ताई:
काका, जरूर जा. गेल्या वर्षी आम्ही हाच रस्ता केला, गाडी मी चालवली, हे नकाशा घेऊन बसले. पहिला अर्धा तास वळायचं म्हटलं की वायपर सुरू! आमच्या घरच्या गाडीला इंडिकेटरचा दांडा उजवीकडे, तिथे डावीकडे. शिवाय डावीकडे बसल्यावर गाडी नकळत उजवीकडे सरकत जाते. एका गावात उजवा आरसा चक्क भिंतीला घासला. सर्कलला उलटं फिरायचं आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे आधी घुसेल तो पुढे, ती सवय विमानतळावरच सोडा.

पण खरी गोची वेगळीच आहे. जुन्या फ्लॉरेन्समध्ये आणि सिएनात 'झेडटीएल' असतं, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी. फाटक नाही, पोलीस नाही, नुसता कॅमेरा. पाटीवर 'वार्को आत्तिवो' लिहिलेलं. हे म्हणाले, "अ‍ॅक्टिव्ह म्हणजे चालू, चल आत." मी गेले. हॉटेल सापडेना म्हणून फिरून पुन्हा गेले. चालू होता तो कॅमेरा! घरी आल्यावर आधी गाडीवाल्यांनी आमचं नाव-पत्ता कळवल्याचे पैसे कार्डावरून कापले, मग कित्येक महिन्यांनी नगरपालिकेची दोन पत्रं आली. दोनदा शिरले, दंडही दोन. ह्यांनी पत्रं देवघरात ठेवली, का ते विचारू नका.

त्यामुळे फ्लॉरेन्स पायी बघा, गाडी तिथल्या शेवटच्या दिवशी विमानतळावरून घ्या. गाडी घेऊनच शहरात यायचं झालं, तर ए-१ हायवेला लागून विला कोस्तान्झा पार्किंग आहे. तिथे गाडी ठेवा, टी-१ ट्राम थेट मुख्य स्टेशनजवळ सोडते.

दांडियाबाजारकर:
ताई, सौ.ला वाचून दाखवलं. नकाशा तीच धरणार आहे. हायवेच्या टोलला काय करायचं?

अलकापुरीच्या_ताई:
आत शिरताना मशीनमधून पावती घ्या, बाहेर पडताना पैसे. निळी पाटी कार्डाची. पिवळ्या टेलिपासच्या, म्हणजे त्यांच्या फास्टॅगच्या, लेनमध्ये जाऊ नका, मागे रांग लागते आणि सगळे हॉर्न वाजवतात. तेवढं मात्र अगदी आपल्या बडोद्याच्या न्यायमंदिर चौकासारखं वाटलं.