स्मरणशक्तीसाठी घरगुती टीडीसीएस यंत्र: घ्यावं का?

कोथरूडकर:
वडील ६८ वर्षांचे, नावं विसरतात. डोक्याला सौम्य वीजप्रवाह देणारं २ मिलिअँपिअरचं टीडीसीएस यंत्र ऑनलाइन मिळतंय. प्रवाह देणारे ओले स्पंज कसे लावतात? भाजण्याचा धोका किती? शिवाय अ‍ॅपवर खातं उघडल्याशिवाय ते सुरूच होत नाही.

विद्युल्लता:
नुसते मिलिअँपिअर पाहू नका, प्रवाह किती जागेवर पसरतो ते पाहा. ३५ चौरस सेंमीच्या स्पंजातून २ मिलिअँपिअर म्हणजे चौरस सेंमीला जेमतेम ०.०६. स्पंज एका बाजूनं सुकला की सगळा प्रवाह उरलेल्या ओल्या भागातून जातो आणि तिथं कातडी भाजते. नळाचं पाणी नको, ०.९ टक्क्यांचं सलाईन घ्या. स्पंज ओला हवा, पण ठिबकता नको. ओघळ केसांतून दुसऱ्या स्पंजाला भिडला तर प्रवाह मेंदूत न जाता कातडीवरूनच निघून जातो. प्रवाह सुमारे ३० सेकंदांत हळूहळू चढवायचा, तसाच उतरवायचा. एकदम तुटला तर डोळ्यांपुढे चमकतं. मुंग्या येणं ठीक, जळजळ झाली की बंद. पेसमेकर, कवटीत धातू किंवा फिट्स असतील तर विचारच सोडा.

मज्जातंतू:
माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. स्पंजाची जागा दोन-तीन सेंमी चुकली तरी प्रवाहाची वाट बदलते, आणि घरी ती नेमकी सापडणं कठीण. आधी बी१२, थायरॉइड आणि कान तपासा. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. नीट ऐकू आलं नाही तर नाव लक्षात राहणार कसं?

मेंदूच्या व्यायामाचंही एक ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ चाचणीत २,८०२ ज्येष्ठ होते, गटागटाला मेंदूचा वेगळा व्यायाम दिला होता. ज्या गटानं ज्याचा सराव केला, त्यातच तो सुधारला. म्हणजे शब्दकोडी सोडवून नावं आठवणार नाहीत, नावांचाच सराव हवा. नाव ऐकल्यावर लगेच म्हणायचं, मग १ मिनिटानं, ३ मिनिटांनी, १० मिनिटांनी आठवायचं. चुकलं तर उत्तर सांगून मागच्या अंतरावर यायचं.

गोपनीय:
अ‍ॅपचा मुद्दा किरकोळ नाही. साधं टीडीसीएस मेंदूलहरी वाचत नाही, पण वय, तक्रारी, सत्रांच्या वेळा कंपनीकडे जाऊ शकतात. डोक्याला लावायच्या, लहरी वाचणाऱ्या पट्ट्यांचं तर विचारूच नका. चिलीत माजी सिनेटर गीदो गिरार्दी यांना अशा पट्ट्या बनवणाऱ्या इमोटिव्ह कंपनीच्या फुकट खात्यातून स्वतःच्याच मेंदूच्या नोंदी उतरवून घेता येत नव्हत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या पुसायला लावल्या. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मेंदूच्या माहितीसाठी वेगळा वर्ग नाही. त्यामुळे विक्रेत्याला लेखी विचारा: नोंदी कुठल्या देशात राहतात, खातं बंद केल्यावर किती दिवसांत पुसतात, आणि उद्या अ‍ॅप बंद पडलं तर यंत्र चालतं का.